आपल्या आधीचे शेजारी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास मी लिहावा, असं कमिटीनं ठरवलं आणि सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं, "काका, सुरुवातीपासूनचे तुम्हीच उरलात. पहिले खजिनदार तुम्हीच." मी हो म्हटलं, जुनी मिनिट बुकं काढली आणि वाचायला बसलो. दोन संध्याकाळी वाचून झाल्यावर लक्षात आलं की आपला इतिहास फार थोडक्यात संपतो. रजिस्ट्रेशन, कन्व्हेयन्सची खटपट, लिफ्टचा मेन्टेनन्स, गच्चीची गळती, दोनदा रंगकाम आणि पार्किंगवरून झालेली भांडणं. हे सगळं आपल्याला पाठ आहे. त्यात मी नवीन काय घालणार?

पण मिनिट बुकात एक शब्द फार वेळा येतो, तो म्हणजे पाणी. आणि पाण्याचा इतिहास शोधायला गेलं की आपल्या कुंपणाबाहेर जावंच लागतं. आपल्यातले बहुतेक जण इथे आलो ते दादर, गिरगाव, परळ, लालबागहून. जागा परवडली म्हणून. वसई म्हटलं की आपल्याला चिमाजी अप्पांचा किल्ला, सुकेळी आणि विरार लोकलची गर्दी एवढंच ठाऊक होतं. आजूबाजूला कौलारू घरं, विहिरी, केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, दारात क्रूस, आणि घरातून ऐकू येणारी मराठी बोली. हे ख्रिस्ती लोक इथले कोण, ते काय करतात, त्यांचं चर्च काय करतं, हे आपण पंचवीस वर्षांत फारसं विचारलं नाही. म्हणून हा लेख त्यांच्याबद्दल. आपला त्यात संबंध काय, ते शेवटी येईलच.

आधी जुना इतिहास थोडक्यात. गुजरातच्या बहादूरशहाशी १५३४ साली झालेल्या तहानं वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि दोनशे वर्षं त्यांच्याकडे राहिली. त्या काळात इथे धर्मांतरं झाली. काही स्वखुशीनं, काही सवलतींसाठी, काही दडपणाखाली. देवळं पडली हेही खरं, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. इथल्या आजच्या धर्मगुरूंशी बोललं तर तेही हे झाकत नाहीत. १५९७ साली जपानात नागासाकीला ज्यांना क्रूसावर मारलं, त्यात या वसईचा गोन्सालो गार्सिया होता. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, पण इथले ख्रिस्ती शेतकरी गेले नाहीत, कारण त्यांना जायला दुसरा गाव नव्हताच. मराठ्यांच्या राज्यातही ते आपला धर्म पाळत राहिले. सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी, अशी त्यांची जुनी ओळखही टिकली आणि बोलीही टिकली. वसईच्या चर्चमध्ये आज मिस्सा मराठीत होते. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये जी दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, तिनं लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली, तेव्हा वसईला नवी भाषा शिकावी लागली नाही. घरातली भाषा देवळात आली, एवढंच.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, म्हणजे बँकेकडे. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. त्यातली बरीच ग्रामीण शाखांत, पीककर्जाच्या टेबलावर. त्यामुळे इथे राहायला आल्यावर बाजारात पहिल्यांदा मी कुठली पाटी वाचली असेल, तर ती बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँकेची. मला वाटलं, जातीधर्माची एखादी छोटी बँक असेल. चौकशी केली तेव्हा कळलं की स्थापना १९१८ ची, आणि स्थापनेमागे होते मोन्सिन्योर पी. जे. मोनीस नावाचे धर्मगुरू. म्हणजे एका पाद्रीबाबांनी बँक काढली होती.

हे वाचून तेव्हा मला गंमत वाटली होती. आता गंमत वाटत नाही, कारण त्यामागची साखळी मला पुढे उलगडली. सहकारी पतपेढीची कल्पना जर्मनीतली. फ्रीडरिष रायफायझेन नावाचा एक गावप्रमुख होता, धार्मिक वृत्तीचा ख्रिस्ती माणूस. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात त्यानं गावातल्या सुखवस्तू लोकांकडून पैसे गोळा करून गरिबांना पिठाची आणि पावाची सोय करून दिली. पण दान संपतं आणि सावकार राहतो, हे त्याला अनुभवानं कळलं. मग १८६४ साली हेडेसडॉर्फ इथे त्यानं कर्जपुरवठ्याची संस्था उभी केली. तिचे नियम बँकेत काम केलेल्या माणसानं मुद्दाम वाचावेत असे. कार्यक्षेत्र लहान ठेवायचं, एका गावापुरतं किंवा एका धर्मग्रामापुरतं, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखत असतील. जबाबदारी अमर्यादित, म्हणजे संस्था बुडाली तर प्रत्येक सभासद स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार. पदाधिकारी बिनपगारी. कर्ज कामासाठी द्यायचं, चैनीसाठी नाही. आणि तारण म्हणून जमिनीच्या कागदापेक्षा शेजाऱ्याची जामीनकी महत्त्वाची.

आमच्या बँकेत आम्ही सात-बारा तपासायचो, बोजा पाहायचो, जामीनदाराची सही घ्यायचो. पण जामीनदार बहुतेक वेळा तालुक्याच्या गावी सहीपुरता आणलेला असायचा. कर्जदाराच्या घरी आजारपण आहे की मुलीचं लग्न आहे, हे त्याला माहीत नसायचं. रायफायझेनच्या पद्धतीत जामीन तोच, ज्याला तुमच्या घरात चूल पेटली की नाही ते माहीत आहे. त्याचे स्वतःचे पैसे अडकलेले, म्हणून तो तुमच्याकडे लक्ष ठेवणार. आणि तुमची खरी अडचण असली तर मुदत वाढवून द्या म्हणून संस्थेत तोच बोलणार. शेजारधर्माला हिशेबाची वही जोडली की काय होतं, ते हे.

आपल्याकडे दख्खनमध्ये १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर सरकार उपाय शोधू लागलं. मद्रासचे फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातल्या पतसंस्थांचा अभ्यास करून मोठा अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा की आपल्यालाही रायफायझेनसारखी माणसं शोधावी लागतील. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. इकडे १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं होतं, त्यामुळे चर्चमध्येही विचार सुरू झाला होता की भुकेल्या माणसाला नुसता उपदेश करून भागणार नाही. रांचीकडे फादर हॉफमन या जेझुइट धर्मगुरूंनी १९०९ मध्ये छोटा नागपूरच्या आदिवासींसाठी कॅथलिक पतसंस्था उभी केली. आणि १९१८ मध्ये आपल्या वसईत मोन्सिन्योर मोनीस यांनी तेच केलं. इथला वाडीवाला शेतकरी सावकाराच्या हातात होता. पानवेल असो की केळी, लावायला पैसा आधी लागतो आणि मिळकत नंतर येते. मधल्या काळात सावकार. धर्मगुरूंनी लोकांना त्या मधल्या काळातून पार नेण्याची सोय केली. ती संस्था आज शेड्यूल्ड बँक आहे, आणि आपल्या सोसायटीतल्या कितीतरी जणांची खाती तिथे आहेत.

यातला एक धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. १९०४ चा कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानं इतर सहकारी संस्थांना दार उघडलं, आणि त्यातूनच १९१५ साली गावदेवीला तालमकींच्या पुढाकारानं सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था झाली. त्याच सुमारास वांद्र्याला सालसेत कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी झाली. प्लेगनंतर मुंबई शहरातून उपनगराकडे सरकणाऱ्या नोकरदार ख्रिस्ती कुटुंबांना हवेशीर, परवडणारी घरं मिळावीत हा हेतू. म्हणजे सारस्वत असोत की ख्रिस्ती, उपनगरात येताना त्यांनी घर एकट्यानं घेतलं नाही, संस्था करून घेतलं. पुढे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला, आणि त्याखाली नोंदलेल्या हजारो संस्थांतली आपण एक. वार्षिक सभेत कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबतो आणि मग चहा घेऊन सभा उरकतो, ती परंपरा एवढ्या लांबून आलेली आहे.

आता पाण्याकडे वळतो.

वसईची शेती समुद्राच्या कुशीतली. जमिनीखाली गोड पाणी आहे, पण ते खाऱ्या पाण्याला टेकून आहे. गोड्याचा उपसा जास्त झाला की खारं आत शिरतं. इथल्या जुन्या लोकांनी यावर काढलेला उपाय म्हणजे बावखळ. वाडीच्या मधोमध किंवा कडेला मोठा खोल खड्डा खणायचा. पावसाचं पाणी त्यात साठतं, रहाटानं वाडीला मिळतं आणि उरलेलं जमिनीत मुरून आसपासच्या विहिरी गोड ठेवतं. पूर्वी वसईत गावोगाव बावखळं होती. गाव ख्रिस्ती असो की हिंदू, वाडी म्हटली की बावखळ.

मग आपण आलो. १९३६ साली बोरिवली ते विरार विजेची गाडी सुरू झाली होती, पण खरा लोंढा आला तो १९८० नंतर. १९९० मध्ये सिडकोला इथलं नियोजन प्राधिकरण नेमलं. हिरव्या पट्ट्यातल्या जमिनी बांधकामाला खुल्या होऊ लागल्या, इमारती आधी आल्या आणि नळाचं पाणी मागाहून. मधल्या काळात काय, तर टँकर. टँकर कुठून भरायचा, तर गावातल्या विहिरींतून, पंप लावून.

त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे झाले. त्यांचा जन्म नंदाखालचा, १९४२ चा. 'सुवार्ता' या मराठी मासिकाचं संपादन त्यांनी १९८३ पासून वीसहून अधिक वर्षं केलं. सुवार्ता म्हणजे शुभवर्तमान, चांगली बातमी. विहिरी खाऱ्या होत असताना, जमिनी दहशतीनं घेतल्या जात असताना चांगली बातमी कसली द्यायची, हा प्रश्न त्यांना पडला असणार. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोर्चे काढले, सभा घेतल्या, सरकारदरबारी खेटे घातले. त्यात हिंदूही होते, मुसलमानही होते. गुंडगिरीविरुद्ध उघड बोलायला लोक घाबरत, तेव्हा झग्यातला माणूस रस्त्यावर उतरला म्हणून इतरांना धीर आला. पुढे २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यांच्या 'सुबोध बायबल'ला मिळाला, २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आणि २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. पेपरांत त्यांच्यावर लेख आले ते साहित्यिक म्हणून. इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ते आठवतात पाण्यासाठी.

यात एक अवघड गोष्ट होती, ती सांगायला हवी. टँकरला पाणी विकणारे विहिरींचे मालक काही बाहेरचे नव्हते. जमिनी विकणारेही बरेचसे गावचेच, रविवारी चर्चला येणारे. पैसा मिळत होता, पोरांना शेती नको होती. त्यामुळे या लढ्याची सुरुवात घरातून करावी लागली. आपल्याच माणसांना सांगावं लागलं की विहीर तुझी असली तरी तिच्यातलं पाणी एकट्या तुझं नाही. बाहेरच्याविरुद्ध भाषण करणं सोपं असतं. आपल्याच बाकावर बसलेल्याला हे सांगणं कठीण.

'मिशन' हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे. मिशन म्हटलं की आपल्याला धर्मांतर आठवतं, आणि त्या शंकेला इतिहासात आधार आहे हे मी वर लिहिलंच. पण या शंभर वर्षांतलं इथलं मिशन मी पाहिलं, वाचलं, तेव्हा मला दिसलं ते पतपेढी, शाळा, दवाखाना, विहीर. बायबलात लूकच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे, ती आपल्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना माहीत असेल. एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? येशू व्याख्या करत नाही, वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. धर्माचे अधिकारी त्याला ओलांडून जातात, आणि ज्याला तुच्छ मानलं जाई असा शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, धर्मशाळेचं भाडं भरतो. बँकवाला म्हणून मला त्यातला एक तपशील फार आवडतो. तो मालकाला सांगून जातो की खर्च जास्त झाला तर येताना देईन. म्हणजे त्यानं जामीनकी घेतली.

आता माझी स्वतःची गोष्ट. मी पहिला खजिनदार. सूर्या धरणाचं पाणी नीट येईपर्यंत आपलं टँकरचं बिल दर महिन्याला मी पास करत होतो. व्हाउचर क्रमांक, तारीख, फेऱ्या, दर, सगळं बरोबर. ऑडिटमध्ये एक शेरा नाही. एका एप्रिलमध्ये दोन दिवस टँकर आला नाही. गावकऱ्यांनी अडवला, असं कळलं. मी रागानं मागच्या वाडीत गेलो. तिथे एक आजोबा केळीला आळी करत होते. मी म्हटलं, "तुम्ही लोक पाणी अडवता, आमच्याकडे लहान मुलं आहेत." त्यांनी आवाज चढवला नाही. विहिरीतून पोहरा काढला, तांब्या भरला आणि म्हणाले, "साहेब, आधी पाणी प्या." मी एक घोट घेतला. खारट. ते म्हणाले, "चार वर्षांपूर्वी गोड होतं. टँकर पलीकडच्या विहिरीतून भरतो, आणि खारट इकडे होतं." मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि घरात भरून ठेवलेल्या पिण्याच्या पाण्यातले दोन हंडे माझ्याबरोबर पाठवले. मुलं आहेत म्हणून.

मी ती व्हाउचरं पुढेही पास केली. दुसरा इलाज नव्हता. पण ऑडिटमध्ये शेरा नाही म्हणजे सगळं बरोबर आहे, असं त्यानंतर मला कधी वाटलं नाही.

२०१८ चा जुलै आपल्या सगळ्यांना आठवतो. मीटर रूममध्ये पाणी, लाइट नाही, गाड्या बंद, मोबाइल बंद. तळमजल्यावरची तिन्ही कुटुंबं वरच्या मजल्यांवर. दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातून आठ-दहा मुलं आली, डोक्यावर पातेली घेऊन. धर्मग्रामातली मुलं होती. खिचडी, पाव, आणि मेणबत्त्या. त्यांनी आधी विचारलं, "म्हातारी माणसं कुठल्या मजल्यावर आहेत?" आपल्याला एकमेकांचे फ्लॅट नंबर माहीत होते, इन्सुलिन कोणाला लागतं ते त्या मुलांनी विचारल्यावर आपण पहिल्यांदा एकमेकांना विचारलं. आणि पाणी का तुंबलं? कारण जे शोषून घेणारं होतं, ती शेतं आणि ती बावखळं, त्यांच्यावर भराव टाकून आपल्या इमारती उभ्या आहेत.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण आहे. आपल्या मागच्या कुंपणाला लागून जे डबकं आहे, जिथे आपण बरीच वर्षं रंगकामाचं आणि फरशांचं रॅबिट टाकलं, ते डबकं नाही. ते त्या आजोबांच्या वडिलांनी खणलेलं बावखळ आहे. निम्मं आपल्या हद्दीत येतं. ते बुजवून चौदा गाड्यांचं पार्किंग करावं, असा प्रस्ताव पुढच्या विशेष सभेपुढे आहे. पार्किंगची अडचण खरी आहे. माझ्या मुलाची गाडीही रस्त्यावर उभी असते. कायद्यानं सभेला काय करता येतं आणि काय नाही, ते वकील सांगतीलच. मी फक्त हिशेब मांडतो. चौदा गाड्यांची जागा जमेच्या बाजूला. आपली बोअरवेल, पलीकडच्या चार विहिरी आणि पुढच्या जुलैचं पाणी नावे बाजूला. माझी सूचना अशी की रॅबिट काढून गाळ उपसावा, आणि गच्चीचं पावसाचं पाणी पाइपनं त्यात सोडावं. खर्चाचा अंदाज मी काढून नोटीस बोर्डावर लावला आहे. सिंकिंग फंडाला हात न लावता तो भागतो.

आजोबा आता नाहीत. त्यांची सून आहे, सकाळी फुलं घेऊन लोकलनं दादरला जाते. सभेच्या आधी तिला आणि वाडीतल्या इतरांना आपण एकदा चहाला बोलवावं, अशी माझी दुसरी सूचना. पंचवीस वर्षांत आपण त्यांना कधी बोलावलेलं नाही. मी मिनिट बुकं पाहूनच हे लिहितो आहे.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. सभा रविवारी सकाळी दहाला आहे. कोरमसाठी तरी वेळेवर यावं, ही विनंती.